पुढली, मागली आणि मधली खीळ

दगडी लाद्यांच्या गोदामात बायका जोडीने काम करतात. लादी उभी धरायची. पुढचं टोक एकीने उचलायचं, मागचं दुसरीने. पुढच्या बाईला वाट दिसते. मागच्या बाईला लादीची कड आणि पुढचीची मान, एवढंच दिसतं. म्हणून पुढची चालता चालता बोलत राहते. खड्डा. पायरी. डावीकडे. जरा थांब. मागची त्या आवाजावर पाऊल टाकते. ज्यांचं हे जुळलं त्यांना वेगळं करायचं नसतं, हे गोदामातलं मांजरसुद्धा जाणतं.

अशी एक जोडी आमच्या गल्लीने पाहिली. ती इतकी जुनी झाली की दोघींची नावं घरी राहिली आणि बाहेर एकीला पुढली, दुसरीला मागली म्हणू लागले. पुढली उंच, हाडापेराने रुंद, बोलायला तिखट. मागली बुटकी, गप्प. पण एकदा हसू लागली की पुढलीला लादी खाली ठेवून तिचं हसू संपायची वाट बघावी लागे. मी सांगतो आहे ती गोष्ट पुढलीची. पण मागलीला वगळून ती सांगता येत नाही, आणि सांगितलेली पुढलीला चालणारही नाही.

लॉरी आमच्या गल्लीत शिरत नाही. ती वर हमरस्त्यावर थांबते. तिथून गोदामापर्यंत गल्ली उतरत येते, आणि सरळ उतरली तर ती आमची गल्ली कसली. कुठे खचलेली, कुठे फुगलेली, मध्ये गटाराची झाकणं, कोणाच्या उंबऱ्यापुढे पुढे आलेला दगड. वर्षानुवर्षं दोघींनी याच वाटेने घरांच्या जमिनी, जिने आणि ओटे हातांवर वाहून आणले.

मग मालकाने हौसेने एक तयार गाडी आणली. चार बारकी चाकं, निळा चकचकीत रंग, आणि ती किती ओझं पेलते ते सांगणारी चिठ्ठी बाजूला चिकटवलेली. आता तुमच्या कमरा सुटल्या, असं तो म्हणाला. काही दिवस सुटल्याही. पण एका सकाळी गटाराच्या झाकणावर पुढचं डावं चाक आत गेलं, चाकाच्या दांड्याची जोड तुटली आणि गाडी कलली. मागली सावरायला धावली आणि वरची लादी तिच्या पावलावर उतरली. पुढलीने नेहमीसारखं "झाकण" म्हणून सांगितलं होतं. मागलीने ते ऐकलंही होतं. लोखंडाला कोण सांगणार?

मागलीची त्या पायाची बोटं गेली. चालताना ती एका बाजूला बुडायची आणि पुन्हा वर यायची, पाण्यातल्या डब्यासारखी. मालक वाईट माणूस नव्हता. दवाखान्यात तोच घेऊन गेला होता. पण चार लोकांत बोलताना त्याने सांगितलं की बायकांनी गाडीवर जास्त लादलं. आणि मागलीबद्दल म्हणाला की मोठा माल येईपर्यंत तिची जागा ठेवतो. मोठा माल आला की तिथे दुसरी बाई उभी राहील. लंगडणाऱ्या माणसाच्या हातात लादी द्यायची म्हणजे दुसरा पाय मागण्यासारखं आहे.

या शेवटच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, तेच पुढलीला झोंबलं. ती गोदामामागे गेली. मोडकी निळी गाडी तिथे भिंतीला टेकवून ठेवली होती. तिने तुटलेली जोड अंगठ्याने चाचपून पाहिली. लोखंड लोखंडात उतरलंच नव्हतं. भिंतीवर चिखल थापावा तसं वरून थापलं होतं, आणि थापलेलं दिसू नये म्हणून रंग दिला होता. ती तशीच मालकापुढे जाऊन उभी राहिली.

"जास्त लादलं नव्हतं, मालक," ती म्हणाली. "कमी जोडलं होतं."

"मग तूच बनव की एखादी," मालक हसत म्हणाला.

"बनवते. आणि तिच्यामागे मागलीच असेल."

मालकाने ते हसण्यावारी नेलं. पुढली मात्र तिथून थेट गल्लीच्या तोंडाशी गेली. तिथे खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवणारा एक म्हातारा राहायचा. सगळे त्याला गेटवाला म्हणत. डोळे अधू झाल्यापासून त्याचं वेल्डिंगचं यंत्र पोत्याखाली पडून होतं. पुढलीने ते मागितलं. त्याने दिलं, पण अटीवर: मी तुझ्या अंगणात खुर्ची टाकून बसणार आणि मला हवं ते बोलणार. पुढली म्हणाली की बोलण्यात तुम्ही मला हरवलंत तर यंत्र परत करीन.

ती राहायची थोरल्या भावाच्या घरात, दादा आणि वहिनीबरोबर. घरामागे धुण्याचं अंगण होतं. तिथे यंत्र आलं, खुर्ची आली आणि घराची झोप गेली. पहिल्या दिवशी वेल्डिंगची कांडी लोखंडाला चिकटली ती सुटेचना. गेटवाला म्हणाला, बाई, कान खाजवल्यासारखी घासू नको. आगकाडी ओढतेस तशी ओढ आणि उचल. त्याला जोड दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. चांगली जोड तव्यावर काही परतत असल्यासारखी एकसारखी वाजते, फडफडली की समजायचं हात थरथरला. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधूनच म्हणायचा, "गेली वाया." पुढली हातोडीने वरची खपली ठोकून बघायची. खरंच गेलेली असायची.

एकदा तिने काळी काच डोळ्यांपुढे न धरता टाका मारला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. वहिनीने ओली फडकी ठेवली, आणि ठेवताना मनातलं बोलून घेतलं. तिच्या दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांना ठिणग्यांनी भोकं पाडली होती. "वन्सं," ती म्हणाली, "चादरी वाळत घालू, की पीठ चाळायला देऊ?"

दादाला आगीची भीती. तो पाण्याने भरलेली बादली घेऊन दारात बसायचा आणि ठिणगी उडाली की अर्धा उठायचा. लोक काय म्हणतील, हेही त्याला वाटायचं. बाईच्या जातीने, तेही या वयात, तोंडावर काच धरून लोखंड जाळायचं. पुढली त्याला म्हणाली, "या वयात मी लादी उचलते तेव्हा लोक काही म्हणत नाहीत, दादा. मग आताच का त्यांना माझं वय आठवतं?" दादाने त्यावर बादली जरा पुढे सरकवली, एवढंच.

भंगारवाल्याकडून तिने बंद पडलेल्या वसतिगृहाच्या खाटांचे अँगल आणले, पाण्याच्या टाकीखालचं जाड चॅनेल आणलं, मोडीत काढलेल्या स्कूटरींची चाकं आणली. निळ्या गाडीच्या चाकांपुढे ही म्हणजे म्हशीची पावलं. तिने कोन पाहायला गुण्या लावला, दोरी ताणली, आधी टाके मारले, मग प्रत्येक जोड भरून घेतली. पुढच्या दांड्याला वळता यावं म्हणून वर एक गोल चकती बसवली. गाडी पुरी झाली तेव्हा दादा तिच्यावर चढून नाचला म्हटलं तरी चालेल. वहिनी चढली. गेटवाल्याला खुर्चीसकट वर ठेवला. गाडी जागची हलली नाही, कुरकुरली नाही. चारही चाकं जमिनीला चिकटून.

दुसऱ्या दिवशी ती गाडी पुढलीने मोठ्या दिमाखात गोदामात नेली. गोदामाची जमीन आरशासारखी सपाट. तिथे उभी केली आणि गाडीने एक चाक वर केलं, कुत्र्याने खांबापाशी पाय वर करावा तसं. दाबलं तर ते खाली आलं आणि समोरचं कोपऱ्यातलं उचललं. धडक-धडक.

झालं होतं असं. अंगण दादाने स्वतःच्या हाताने घातलेलं. धुण्याचं पाणी जावं म्हणून त्याने एक कोपरा मोरीकडे खोल केला होता. गाडीचं एक पुढचं चाक त्या खोलगट कोपऱ्यात उतरलेलं, आणि ते तिथे टेकलंय असं बघूनच पुढलीने सगळं घट्ट जोडलं. गाडी त्या अंगणाला तंतोतंत बसत होती, जगात दुसरीकडे कुठेच नाही. पाणी कुठून कुठे वाहतं हे झोपेत सांगतील अशी तिघं माणसं त्या अंगणात होती. पण लोखंड हातात आल्यावर पाणी विसरली.

गोदाम पोट धरून हसलं. एक हमाल म्हणाला की बाई, अंगणही बरोबर आणायचं होतं. मालक हसला नाही. तो शांतपणे म्हणाला की हौस झाली, आता पुरे; मोठा माल निघालाय, दुसरी बाई मी बघून ठेवली आहे. हसण्यापेक्षा ते वाईट होतं.

पुढलीने गाडी परत ओढत नेली. आता तिला चढ होता आणि मागे कोणी नव्हतं. दर चार पावलांवर कुठलं तरी चाक हवेत जायचं. पण जिथे निळी गाडी मोडली होती त्या झाकणाशी आल्यावर ही वेडी गाडी एकदम गप्प झाली. चाक खड्ड्यात उतरलं आणि चारही चाकं टेकली. पुढली थांबली. गाडी मागेपुढे करून पाहिली. ज्या जागी सरळ गाडी वाकडी पडली, तिथे वाकडी गाडी सरळ उभी होती. पाऊलभर पुढे गेलं की पुन्हा धडक-धडक.

घरी दादा म्हणाला की तू प्रयत्न केलास, आता यंत्र परत कर. गेटवाला म्हणाला की पुढचा दांडा काप, सपाट जमिनीवर धर, पुन्हा जोड. गोदामात नाक वर करून उभी राहील. सल्ला योग्यच होता. पण पुढलीला ते झाकण सोडत नव्हतं. गोदामात सरळ असलेली गाडी गल्लीत तीन चाकांवर चालणार, सगळं ओझं एका चाकावर आपटणार, आणि आपटत आपटत एक दिवस मोडणार. निळी तशीच तर मोडली. मग जोड कितीही चांगली घाला.

मागली तेव्हा रोज संध्याकाळी यायची आणि उपड्या खोक्यावर पाय लांब करून बसायची. त्या दिवशी ती गाडीकडे बघत होती.

"आपण खड्ड्यातून जायचो तेव्हा तू खाली जायचीस, मी वर असायचे," ती म्हणाली. "लादी कधी पडली?"

"नाही."

"का नाही पडली?"

पुढलीने कधी विचार केला नव्हता. मागलीने स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून मनगटं फिरवून दाखवली. "हात सैल होते म्हणून. तू कललीस की तुझ्या हातात लादी फिरायची, मला कललेलं कळायचंही नाही. दोघींनी ताठ धरली असती तर पिळवटून फुटली असती."

पुढलीने गाडीकडे पाहिलं. तिने सगळंच जोडून टाकलं होतं. चूक कोपऱ्याची नव्हती, इथे होती.

तिने पुढचा दांडा कापायला घेतला तेव्हा गेटवाला खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याच्या कानाने पास केलेली जोड होती ती. तो म्हणाला, मी तुला जोडायला शिकवलं, तोडायला नाही. सैल गाडीला गाडी म्हणत नाहीत, खुळखुळा म्हणतात. पुढलीने कापला. दांडा आणि वरची चकती यांच्यामध्ये तिने अंगठ्यापेक्षा जाड एक खीळ घातली, गाडीच्या लांबीच्या दिशेने, बरोबर मधोमध. आता डावं चाक खाली गेलं की उजवं वर यायचं आणि लाद्या ठेवायचा वरचा पाट जिथल्या तिथे राहायचा. बाकी सगळं पक्कं, ही एक जागा मोकळी. खिळीसाठी भोक पाडताना गिरमिट जरा कललं. आवाजावरून गेटवाला म्हणाला, तिरकं जातंय. पुढली म्हणाली, जाऊ दे, खीळपण त्याच मापाने घासते.

मागच्या बाजूला तिने आडवी मूठ बसवली आणि मुठीखाली ब्रेकचा दांडा. तो ओढला की दोन लाकडी ठोकळे मागच्या चाकांना घासायचे. उंची ठरवायला मागलीला उभं केलं. तिचं कोपर कुठे येतं, चांगल्या पायावर भार टाकल्यावर ती कुठे झुकते, हात किती लांब जातो, सगळं खडूने खुणा करून घेतलं. दादाने विचारलं की एवढी खाली मूठ ठेवलीस तर दुसरं कोणी धरणार कसं. पुढली म्हणाली, "दुसऱ्या कोणी धरायचीच नाही."

मोठा माल आला. वर हमरस्त्यावर लॉरी लागली. मालकाने बघून ठेवलेली बाई कोरे हातमोजे घालून हजर होती. आणि पुढली गाडी घेऊन आली, मागे मूठ धरून मागली, बुडत आणि वर येत.

मालकाने विचारलं की मागली लादी उचलणार कशी.

"उचलणार नाही. थांबवणार आहे," पुढली म्हणाली. "उतारावर ओढायला काही लागत नाही, मालक. थांबवणारं माणूस लागतं."

मालकाने खांदे उडवले. लादी फुटली तर बघू, असं तो म्हणाला. लाद्या चढल्या, निळ्या गाडीवर कधी चढल्या नसतील इतक्या. पुढलीने ओढायचा दांडा धरला. गल्लीतल्या दारांत माणसं येऊन उभी राहिली, कारण आमच्या गल्लीला दुसऱ्याची फजिती फुकटात बघायला आवडते. गाडी निघाली. पुढली वाट बोलत होती, मागली ब्रेक ओढत होती, सोडत होती, ठोकळे चाकांवर कुंथत होते. झाकण आलं. डावं चाक आत गेलं, दांडा कलला, आणि वरच्या लाद्या ताटातल्या पाण्यासारख्या सपाट राहिल्या. दारातली माणसं एकेक करून आत गेली. बघण्यासारखं काही झालं नाही ना.

गोदामात माल उतरला. मालकाने रिकाम्या गाडीभोवती फेरी मारली, पायाने दाबून पाहिली, वाकून खालचा दांडा पाहिला. गाडी चांगली आहे, असं तो मनापासून म्हणाला. मग म्हणाला की ब्रेकच आहे म्हटल्यावर मागे कोणीही चालेल. मागलीने आता घरी आराम करावा. त्याने नव्या बाईला खूण केली. तिने पुढे येऊन मूठ धरली.

जी गाडी मागलीला परत आणायला बनवली, तीच आता तिला घरी पाठवत होती. गाडी मोडली असती तर मागलीची जागा गेली असती; गाडी टिकली, तरीही जातच होती.

पुढली वाकली, गाडीखाली खांदा घातला, खीळ अडवणारी बारकी चाप काढली आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत खीळ बाहेर काढली. खांदा काढल्याबरोबर गाडीने मान टाकली. पुढलीने खीळ फडक्याने पुसली आणि खिशात ठेवली.

"गाडी तुमच्या दारात आहे, मालक. राहू द्या," ती म्हणाली. "मागली मागे असेल तेव्हा ही खीळ आत. नसेल तेव्हा माझ्या खिशात."

मालकाचा चेहरा लाल झाला. लॉरी खोळंबली आहे, असं तो म्हणाला.

"दिसतंय. मीही उभीच आहे."

दोघींनाही घरी बसवीन, असं तो म्हणाला. पुढली म्हणाली बसवा; गल्ली आहे, लाद्या आहेत, तुमचे खांदेही चांगले रुंद आहेत. कोणीतरी मागे हसलं आणि लगेच खोकला. मग नव्या बाईने मूठ सोडली. ती कोणाकडे न बघता म्हणाली की हे फार खाली येतं, माझी कंबर धरेल, हे माझ्या मापाचं नाही. आणि ती वर लॉरीकडे लाद्या उतरवून द्यायला चालू लागली.

मागलीने सुटलेली मूठ हातात घेतली. "पायाची बोटं गेलीत, मालक. हात गेलेले नाहीत."

वरून लॉरीवाल्याने भोंगा वाजवला. मालक हो म्हणाला नाही. पाठ फिरवून जाता जाता, दुपारच्या आत माल खाली यायला हवा, एवढंच म्हणाला. पुढलीने पुन्हा खांदा घातला आणि खीळ ठोकली.

त्यानंतर तिने बऱ्याच गाड्या बनवल्या. सिलिंडर वाहणाऱ्याची, पाण्याचे कॅन पोचवणाऱ्या नवराबायकोची, कचरा गोळा करणाऱ्या बायकांची. गाडी हवी म्हणून कोणी मुकादम आला की ती त्याला परत पाठवते. जो ओढणार आहे त्याला घेऊन या, मला त्याचं कोपर बघायचंय. जोड रंगाने झाकत नाही. ज्याला रंग हवा त्याने घरी नेऊन द्यावा. वहिनीने कपड्यांची दोरी गच्चीवर नेली.

मालकाने मध्यंतरी एक चाल करून पाहिली. गुपचूप लेथवर दुसरी खीळ करवून घेतली, गुळगुळीत, सुरेख, काटेकोर सरळ. ती आत गेलीच नाही. भोक तिरकं होतं ना. तो ती चकचकीत खीळ हातात घेऊन गाडीपाशी उभा असतानाच दोघी कामावर आल्या. पुढलीने विचारलं, हे काय, मालक? तो म्हणाला, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला.

त्या दिवसापासून पुढलीने खीळ स्वतःकडे ठेवणं सोडलं. ती आता मागलीच्या खिशात असते. सकाळी गाडी मान टाकून उभी असते, लॉरी वर लागलेली असते, आणि सगळं गोदाम गल्लीच्या वळणाकडे बघत मागलीची वाट पाहतं. ती तिच्या चालीने येते. घाई करत नाही.